विडी वळणाऱ्या अम्माच्या हजार रुपयांबद्दल: केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री
आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाचे सदस्य,
नवी दिल्ली

विषय: विडी कामगार महिलांचे निवृत्तिवेतन

स. न. वि. वि.

माझ्या आईला महिन्याला एक हजार रुपये पेन्शन मिळते. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मधली ही किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली आणि आजही तेवढीच आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नव्याने ठरतो. अम्माच्या हजार रुपयांना मात्र महागाई शिवत नाही, असं दिल्लीत बहुधा गृहीत धरलेलं आहे. संसदेत कुणी प्रश्न विचारला की पेन्शन निधीत तूट आहे, हे उत्तर येतं. ते वाचून वाचून मी कंटाळले आहे. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. अम्मा विड्या वळायची. आमच्या बोळात ही वाटणी इतकी ठरलेली होती, की बाप झालं की माग मिळतो आणि आई झालं की सूप मिळतं, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

अम्माचा दिवस आदल्या रात्री सुरू व्हायचा. ब्रँचमधून, म्हणजे विडी कंपनीच्या माल देण्याघेण्याच्या केंद्रातून, आणलेली तेंदूची पानं भिजवून, ओल्या बारदानात गुंडाळून ती मोरीजवळ ठेवायची. पावसाळ्यात त्या पानांचा वास गोधड्यांना लागायचा. पहाटे उठून पानावर पत्रा ठेवायचा आणि कात्रीने त्या मापाचं पान कापायचं. आम्ही डोळे उघडेपर्यंत कापलेल्या पानांची चळत तयार असायची. मग नळ, डबे, धुणं, आणि ते उरकलं की मांडीवर सूप. हातात पान घ्यायचं, त्यात तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हे सगळं ती माझ्याशी बोलत करायची, सुपाकडे न बघता.

मे महिन्यात आमच्याकडचं ऊन तुम्ही ऐकून असाल. घरात पंखा होता, पण दिवसा तो लावायचा नाही, कारण तंबाखू उडते. रात्रपाळी करून आलेले वडील त्याच खोलीत घामाने निथळत झोपायचे. त्या दोघांचं भांडण मला आठवतं ते फक्त या पंख्यावरून.

दुपारी बोळातल्या बायका एकीच्या दारात जमायच्या. सगळ्यांच्या मांडीवर सुपं आणि मधे मी पुस्तक घेऊन. अम्माला मराठी वाचता येत नव्हतं, बोलता मात्र झकास यायचं. शाळेत झालेला धडा मी तिथे मोठ्याने वाचायचा, असा नेम होता. भूगोलाला जांभया यायच्या. चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक मात्र त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. महाराज आग्र्याहून निसटतात तिथे सगळ्यांचे हात थांबायचे. मग कुणीतरी भानावर येऊन म्हणायची, "बास ग, उरलेलं उद्या, माझ्या अजून दोनशे राहिल्यात." मी आज शाळेत गणित शिकवते, त्याची सुरुवातही त्याच दारातली. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. वर्गातल्या मुलांचा बेचा पाढा पक्का व्हायच्या आधी माझा पंचविसाचा झाला होता.

तिच्या हातांचा कडवटपणा जायचा नाही. भात कालवण्याआधी ती चिंचेच्या चोथ्याने हात घासायची, तरी चारू-भाताचा, म्हणजे सार-भाताचा, पहिला घास थोडा कडूच लागायचा. मला तो आवडायचा. (डॉक्टरांना हे मुळीच आवडणार नाही, पण खरं आहे.)

वर्षात दोन सण असे होते, की त्या दिवशी सूप खुंटीला टांगलेलं असायचं. एक नारळी पौर्णिमा, मार्कंडेयाचा रथ निघतो तो दिवस. दुसरा संक्रांतीच्या वेळचा सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे यात्रा. गड्ड्यात अम्मा माझ्याबरोबर मोठ्या पाळण्यात बसायची आणि पाळणा वर गेला की जिवाच्या आकांताने ओरडायची. खाली उतरली की लाजायची, पदर सारखा करायची आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहायची. एरवी तिचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही.

आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिला विडी वळता येते का, हे स्वयंपाकाच्या आधी विचारायचे. भरभर वळणारी सून म्हणजे रोजची मजुरी घरात. माझ्या वयाच्या मुली आठव्या-नवव्या वर्षी दोरा बांधायला बसल्या. अम्माने मला सुपाला हात लावू दिला नाही. एकदा ती तापाने पडली होती आणि हजार भरत नव्हते, म्हणून मी गुपचूप तिच्या जागेवर बसले. ती तशीच उठली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली, दप्तर माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "चदुवुको." अभ्यास कर. पोरीला रिकामी बसवते म्हणून आजीने तिला पुष्कळ ऐकवलं. ती उलट बोलली नाही, आणि मला वळायलाही शिकवलं नाही.

सुट्टीत मी तिच्याबरोबर ब्रँचला जायची. लांबलचक रांग, पुढे टेबल, टेबलामागे चेकर. तो बंडलं दाबून बघायचा. ही सैल, ही जाड, ह्याचं पान फाटकं, असं म्हणत विड्या बाजूला फेकायचा. ती छाट. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली महाराष्ट्रात जे नियम झाले, त्यांत पाच टक्क्यांहून जास्त छाट सहसा काढू नये असं म्हटलेलं होतं. टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईला हा नियम कोण सांगणार? दिलेली पानं सडकी निघाली तर हजाराचा आकडा भरायला ती बाजारातून पदरचे पैसे घालून पानं आणायची. हेही कुठल्या हिशेबात धरलं गेलं नाही.

या छाटीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये लागू झाला. त्यावर कारखानदार न्यायालयात गेले. घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगार नाहीत, त्या कुठे बसतात, कधी वळतात यावर आमची देखरेख नसते, असं त्यांचं म्हणणं. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. तयार माल नापसंत करण्याचा हक्क मालकाकडे आहे, ही देखरेख पुरेशी आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे जी छाट अम्माची मजुरी खात होती, त्याच छाटीने तिला कायद्याने कामगार ठरवलं. निकाल लागला तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या बोळात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती. पण तिचा फंड कापला जाऊ लागला तो त्याच बळावर, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते. अम्माची पेन्शन हे सरकारने केलेलं दान नाही.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार तुमच्या सूत्राबद्दल आहे. पेन्शनपात्र वेतन गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले ७०. समजा वेतन ३,००० आणि सेवा १८ वर्षं, तर उत्तर येतं ७७१ रुपये. म्हणून मग किमान हजार. इतर ठिकाणी किमान रक्कम म्हणजे अडीनडीचा आधार असतो. विडीवाल्या बायकांच्या बाबतीत किमान तीच कमाल.

आणि हे वेतन तुम्ही धरता कुठलं? २०१४ पासून शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. कार्यालयात काम करणाऱ्याचा शेवटचा पगार सगळ्यांत मोठा असतो, त्याला ही सरासरी ठीक आहे. अंगावरच्या कामाचं, म्हणजे नगांवर मजुरी मिळते त्या कामाचं, उलटं असतं. तिशीत दिवसाला हजार वळणारी बाई पंचावन्नाव्या वर्षी तेवढ्याच वेळात सहाशेवर येते. मान अवघडते, डोळ्यांनी दोरा दिसत नाही, आणि ब्रँच आठवड्यातले काहीच दिवस पानं देते. अम्माच्या हातांत ताकद होती ती वर्षं तुमच्या हिशेबात नाहीत. हात थकले ती पाच वर्षं तेवढी आहेत. हे सूत्र ज्यांनी बसवलं त्यांना अंगावरच्या कामाची मजुरी ठाऊक नसावी, असं मी समजून घेते. पण आता ठाऊक झालं आहे.

दुसरी तक्रार दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची. जीवन प्रमाण ही अंगठ्यावर चालणारी व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. चांगली आहे, रांगा वाचल्या, ज्यांचे अंगठे उमटतात त्यांच्यासाठी. पान आणि तंबाखू यांत आयुष्य घासलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. एका बँकेत अम्माने दहाही बोटं टेकवून पाहिली. यंत्राने एकही ओळखलं नाही. काउंटरवरचा मुलगा बिचारा भला होता, तिची बोटं रुमालाने पुसून पुसून पुन्हा टेकवत होता. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. मधल्या काळात पेन्शन थांबली. चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय तुम्ही २०२२ मध्ये केलीत, त्यावर आमचं काम शेवटी झालं, तेही मी घरी आहे आणि माझ्याकडे बरा फोन आहे म्हणून. ज्यांची मुलं पुण्याला किंवा हैदराबादला पोटासाठी गेली, त्या बायका मोतीबिंदूचे डोळे घेऊन त्या ॲपसमोर पापण्या कशा मिचकावतात, ते सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, येऊन एकदा बघा.

नावांचा घोळ थोडक्यात सांगते. ब्रँचच्या कारकुनाने ऐकलं तसं नाव लिहिलं. लक्ष्मम्माची लक्ष्मीबाई झाली, माहेरचं आडनाव तसंच राहिलं, जन्मतारीख १ जानेवारी पडली. आधारवर वेगळंच. दुरुस्तीसाठी मालकाची सही आणा, असं सांगतात. ब्रँच बंद पडून तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. सही कुणाची आणायची?

कल्याण निधीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. पुढे हजार विड्यांमागे ५ रुपये उपकर कारखानदारांकडून यायचा आणि त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, घरांसाठी मदत, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. माझ्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत ते पैसे आहेत. अम्माचं विडी कामगार ओळखपत्र घेऊन मी अर्ज भरला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला, उपकर गेला आणि विडीवर २८ टक्के कर बसला. तेव्हापासून या योजना अर्थसंकल्पात काय वाट्याला येईल त्यावर चालतात. पूर्वी वळलेल्या प्रत्येक हजारावर आमच्या नावाने ठरलेली रक्कम बाजूला पडायची. आता कर जातो सरकारी तिजोरीत आणि आम्ही जातो मागायला. ही अदलाबदल करताना कुणी आमच्या बायकांना विचारलं होतं का?

मला कल्पना आहे, कुणीतरी म्हणेल की विडी हे विष आहे, त्याची कसली बाजू घेता. मी विडीची बाजू घेतलेलीच नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तंबाखूबद्दल स्पष्ट सांगते. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा नियम आहे. ओढणाऱ्यासाठी आहे तो. वळणारीला घरी नेण्यासाठी जी तंबाखू मोजून दिली जाते, तिच्या पिशवीवर कुठला इशारा होता? अम्माला आज जिना चढताना धाप लागते. ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखू कामगारांसाठी आर्थिकदृष्ट्या परवडणाऱ्या पर्यायांना चालना द्यावी असं म्हटलं आहे. उद्योग बंद करायचा असेल तर करा, पण ते कलमही वाचा.

सोलापुरात घरांसाठी विडी कामगार बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. कुंभारीला गोदुताई परुळेकर वसाहत झाली. नंतर रे नगर ही वसाहत झाली, १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान स्वतः चाव्या द्यायला आले. घर मिळालं याचं मोल मी कमी करणार नाही, आमच्या कित्येक शेजारणींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. पण त्या दाराआड बसलेल्या म्हातारीने हजार रुपयांत विजेचं बिल भरायचं की रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या, हे पंतप्रधानांच्या भाषणात आलं नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

किमान पेन्शन ७,५०० रुपये करा आणि तिला महागाई भत्ता जोडा. ही मागणी मी शोधलेली नाही. याच मागणीसाठी बुलढाण्यात पेन्शनर मंडळी २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसली. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपये आणि महागाईची जोड सुचवली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आमचे राज्यपालही झाले, शिफारस मात्र कागदावरच राहिली. एकदम ७,५०० जमत नसतील तर निदान त्या ३,००० ना आजवरची महागाई लावून आकडा जाहीर करा. निधीत तूट असेल तर केंद्र सरकार वेतनाच्या १.१६ टक्के जी भर घालतं, ती वाढवा. तूट पेन्शनरांमुळे आलेली नाही.

अंगावरच्या कामाच्या कामगारांसाठी शेवटचे ६० महिने धरू नका. ज्या ६० महिन्यांत मजुरी सर्वांत जास्त पडली ते धरा. नोंदी तुमच्याकडेच आहेत.

ज्यांची बोटं उमटत नाहीत त्यांचा हयातीचा दाखला घरी येऊन घ्या. पोस्टमन घरपोच जाऊ शकतो, त्याचे पैसे पेन्शनरकडून कापू नका, आणि दाखला अडला म्हणून पेन्शन लगेच थांबवू नका. ब्रँच बंद झालेली असेल तर नाव दुरुस्तीची जबाबदारी कार्यालयाने उचलावी, विडी कामगार ओळखपत्र पुरावा म्हणून चालावं.

विडीवरच्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्याने कल्याण निधीसाठी राखून ठेवा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्यावर १९६६ चा आमचा स्वतंत्र कायदा गेला, तर छाटीची मर्यादा, रजा, मजुरी यांचे नियम आता नेमके कुठे आहेत, ते मराठीत आणि तेलुगूत छापून प्रत्येक ब्रँचच्या टेबलासमोर लावा. टेबलामागे नको, बायका उभ्या असतात त्या बाजूला.

उत्तर इंग्रजीत पाठवू नये ही विनंती. तेलुगूत असेल तर उत्तम, मराठी चालेल. अम्मा आणि तिच्या बरोबरीच्या बायका अजून दुपारी जमतात, वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आहे. त्या आकडा विचारतील, तेवढा पत्रात पहिल्या ओळीतच लिहा.

आपली,
एका विडी कामगार महिलेची मुलगी,
सोलापूर